वढवाणा तलावाकाठचं गावही अंकात येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की आपल्या अंकात वढवाणा तलावावरच्या पक्ष्यांची छायाचित्रं येऊ लागतात. ती मी कात्रणं काढून जपते, नातवंडांना दाखवते. तरी दरवर्षी एक गोष्ट मनाला लागते, म्हणून हे पत्र. या बातम्यांत पक्षी असतात, 2021 साली मिळालेला रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींना मिळणारा आंतरराष्ट्रीय दर्जा असतो, वडोदऱ्याहून किती वाजता निघावं तेही असतं. ज्याच्या नावाने तलाव ओळखला जातो, त्या वढवाणा गावाबद्दल मात्र एक ओळ नसते. वाचणाऱ्याला वाटावं, तलाव रानात आहे आणि काठावर कुणी राहतच नाही.

हा तलाव शेतीसाठी बांधलेला आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, 1910 साली, बडोदे संस्थानाने तो बांधला. छप्पनियाच्या भीषण दुष्काळाला तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. ओरसंग नदी मध्य प्रदेशाच्या डोंगराळ हद्दीतून उतरते आणि छोटा उदेपूर जिल्ह्यातून वाहत चांदोदला नर्मदेत मिसळते. तिला जोजवा इथे बांधाने अडवून, कालव्याने पाणी या बाजूला वळवून, सपाट जमिनीवर मातीची पाळ घालून साठवलं. दोन डोंगरांमध्ये भिंत घातलेलं खोल धरण हे नव्हे. पाणी पसरट आहे, काठाशी उथळ आहे, आणि पक्ष्यांना तेच मानवतं.

गावाचं वर्ष या पाण्याच्या चढउतारावर चालतं. पावसाळा सरताना तलाव भरलेला असतो. शेतात कपाशी आणि तूर उभी असते, पाणी धरणाऱ्या खाचरांत भात असतो. दिवाळीच्या आगेमागे कपाशीची वेचणी सुरू होते आणि त्याच सुमाराला पहिली बदकं उतरतात. पुढे गव्हाची पेरणी झाली की सगळ्यांचं लक्ष कालव्याकडे लागतं. त्या दिवसांत गावात कुणाशीही बोला, पक्ष्यांची चौकशी तुम्ही करायची आणि त्यांनी विचारायचं, ‘पाणी क्यारे छोडशे?’ म्हणजे पाणी कधी सोडणार? कालव्याच्या शेवटच्या चारीवरच्या, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या पाटावरच्या शेतकऱ्याला तर पाणी सुटून भागत नाही, ते त्याच्या बांधापर्यंत पोचावं लागतं. सकाळ-संध्याकाळ दूध मंडळीत भरणा असतो, म्हणून म्हशींचा चारापाणी कुठल्याही हंगामात चुकत नाही. बायका गवताचे भारे घेऊन पाळेच्या बाजूने येतात तेव्हा कॅमेरेवाले त्यांना फ्रेममधून बाजूला व्हायला सांगतात. हे मी पाहिलं आहे आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

आता मुद्द्याचं सांगते. शेतीला पाणी सोडण्याच्या एकेका आवर्तनागणिक, म्हणजे पाळीगणिक तलावाची पातळी उतरते, काठचा चिखल उघडा पडतो, आणि तुतवारांसारख्या लांब चोचीच्या, चिखलात टोचून खाणाऱ्या पक्ष्यांना तिथेच अन्न मिळतं. मधल्या खोल पाण्यात बुडी मारणारी बदकं राहतात, वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांचे काळे थवे असतात, उथळात चमच्यासारख्या चोचीचे चमचे आणि बगळे. एकाच तलावात इतक्या तऱ्हांचे पक्षी दिसतात त्यात गव्हाच्या पाण्याचा वाटा मोठा आहे. पर्यटकांना भरलेलं पाणी शोभून दिसतं म्हणून पातळी चढीच ठेवली तर चिखलातले पक्षी जातील. आणि घाईने सारं सोडून दिलं तर बदकं लवकर उठतील. म्हणजे पक्ष्यांचं भवितव्य सिंचनाच्या वेळापत्रकात आहे, आणि त्या वेळापत्रकाबद्दल आपल्याकडे कधी बातमी येत नाही!

दुसरी बाजूही लिहायला हवी. हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब, ज्याला इकडे राजहंस म्हणतात, दिवसा पाण्यावर विसावतो आणि रात्री शेतात उतरून कोवळा गहू-हरभरा खातो. छायाचित्राखाली आपण ‘विदेशी पाहुणे’ असं लिहितो, पण त्यांच्या जेवणाचा खर्च कुणाच्या शेतातून होतो तेही लिहायला नको का? वनखातं दरवर्षी पक्ष्यांची गणना करतं, तिचे आकडे आपण छापता, ते चांगलंच आहे. त्यासोबत त्या हंगामात किती पाणी सुटलं, कुठवर पोचलं आणि काठच्या पिकाचं काय झालं, हेही छापावं अशी माझी मागणी आहे. रामसर करार शेती बंद करा असं कुठेही सांगत नाही. पाणथळीचा सुज्ञ वापर हे त्याचं तत्त्व आहे, आणि वढवाण्यात तो वापर शतकाहून जास्त काळ चालू आहे.

आपल्या मराठी मंडळींना ही वाट नवी नाही. गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीच्या दर्शनाला आणि धार्मिक विधींसाठी चांदोदला आपण डभोईवरूनच जातो. डभोईची जुनी वेस, हिरा भागोळ, पाहायला पाहुण्यांना नेतो. तिथून पुढे वढवाण्याला जाताना एवढं सांभाळावं: गाडी चारीच्या तोंडाशी लावू नये, फोटोसाठी उभ्या पिकात शिरू नये, थवा उडवायला दगड मारू नये, आणि चहा-नाश्ता गावातल्याच टपरीवर घ्यावा. पाळेवर पक्ष्यांच्या चित्रांचा फलक असावाच. त्याच्या शेजारी दुसरा फलक हवा, ज्यावर ओरसंग, जोजव्याचा बांध, कालवा आणि भिजणाऱ्या गावांचा नकाशा गुजरातीत असेल, कारण तो गावच्या शाळेतल्या मुलांनी आधी वाचायचा आहे.

यंदा आपला वार्ताहर पहाटे तलावावर जाईल तेव्हा त्याने दुपारपर्यंत थांबावं, कालव्यावर पाणी सोडणाऱ्या माणसाला भेटावं, शेवटच्या चारीवरच्या शेतात जावं. ती बातमी पहिल्या पानावर नसली तरी चालेल, पण पक्ष्यांच्या छायाचित्रासोबत त्याच दिवशी यावी.

आपली,
एक वाचक
दांडिया बाजार, वडोदरा