मुद्राचित्र म्हणजे नक्कल नव्हे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला नॉर्वेजियन चित्रकार एडवर्ड मुंकवरचा लेख आवडला, पण एका उल्लेखाने मन खट्टू झालं. त्याच्या मुद्राचित्रांना, म्हणजे लाकडावर किंवा दगडावर चित्र करून कागदावर घेतलेल्या छापांना, लेखात गाजलेल्या चित्रांच्या स्वस्तातल्या प्रती म्हटलं आहे. मी २५ वर्षं लाकडाचे ब्लॉक कोरत आले आहे, त्यामुळे लिहिल्यावाचून राहवलं नाही.

'दोघं : एकाकी' हे चित्र घ्या. समुद्राकडे तोंड करून पाठमोरे उभे असलेले एक स्त्री आणि एक पुरुष. १८९२ चं मूळ तैलचित्र १९०१ मध्ये जहाजावरच्या स्फोटात नष्ट झालं. पण १८९९ च्या वुडकटसाठी, म्हणजे कोरलेल्या लाकडी ब्लॉकवरून घेतलेल्या छापासाठी, मुंकने ब्लॉकच करवतीने कापला होता. पुरुष किनाऱ्याच्या तुकड्याला जोडलेला ठेवला, स्त्री मात्र वेगळी कापून काढली. तुकड्यांना निरनिराळी शाई लावायची, मग ते पुन्हा जुळवून एकाच दाबात छापायचे. करवतीच्या पात्याने जेवढं लाकूड खाल्लं तेवढ्या जागेला शाई लागत नाही. कागदावर त्या बाईभोवती कोरी, केसासारखी रेघ उरते. पुरुष दोन पावलांवर उभा आहे, तरी ती रेघ मध्ये आहेच. हे एकटेपण करवतीतून आलंय. कुंचल्याला ते असं साधलं नसतं.

मुंक ५ वर्षांचा असताना आई क्षयाने गेली. १८७७ मध्ये १५ वर्षांची बहीण सोफी त्याच रोगाने गेली. 'आजारी मुलगी' या तैलचित्रात मुलीच्या उशाशी मान खाली घातलेली बाई आहे. १८९६ मध्ये पॅरिसला ऑग्युस्त क्लोच्या छापखान्यात लिथोग्राफ (दगडावर रेखाटून घेतलेला छाप) करताना मुंकने तिला काढूनच टाकलं. उरला मुलीचा चेहरा, मागे उशी. शाया बदलून तोच चेहरा त्याने पुन्हा पुन्हा छापला. तापाने फणफणलेल्या माणसाजवळ ज्याने रात्र काढली आहे, त्याला लाल शाईतल्या त्या प्रतीपुढे फार वेळ उभं राहवत नाही.

आणि १८९५ चा तो लिथोग्राफ, काळ्याकुट्ट अंधारात मुंकचा स्वतःचा चेहरा, वर थडग्यावर असावं तसं नाव आणि साल, खाली हाताचा सापळा! तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. ही कुठल्या तैलचित्राची प्रत म्हणायची?

एक विनंती. पुढच्या वेळी चित्राखाली माध्यम आणि साल अवश्य छापा. आणि तो वुडकट छापलात, तर बाईभोवतीची पांढरी रेघ दिसेल एवढा मोठा छापा.

आपली,
एक मुद्राचित्रकार, कोल्हापूर