विरोधात राहणाऱ्या पोराला वेड्यात काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या शेजारचा एक तरुण गेली सहा वर्षं विरोधी पक्षाचं काम करतो. गेल्या पावसाळ्यात तो भिजत आमच्याकडे आला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून माहिती अधिकारात मिळालेले कागद काढून सतरंजीवर पंख्याखाली वाळत घालू लागला. गल्लीतल्या ड्रेनेज लाइनच्या कामाची मोजमापं होती ती. पेन्सिलीनं एका आकड्याखाली रेघ मारून म्हणाला, "काकू, आपली गल्ली तरी एवढी लांब आहे का?" तेवढ्यात त्याची आई आली. मला म्हणाली, "तुम्ही तरी समजवा याला. सत्ताधारी पक्षाकडून बोलावणं येतंय, तर जा म्हणावं. विरोधात राहून कुणाचं भलं झालंय?"

मी तिला समाजवादी नेते मधू लिमये सांगितले. तिनं नावही ऐकलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. १ मे १९२२ ला पुण्यात जन्मलेला, फर्ग्युसनमध्ये शिकलेला हा माणूस. अठराव्या वर्षी युद्धविरोधी भाषणासाठी तुरुंगात गेला. १९५५ मध्ये गोव्याच्या सत्याग्रहात पोर्तुगीज पोलिसांचा बेदम मार खाल्ला, बारा वर्षांची शिक्षा झाली, एकोणीस महिने कोठडीत काढले. तेव्हा वय होतं तेहतीस. पुढे बिहारमधल्या मुंगेरच्या लोकांनी १९६४ मध्ये या मराठी माणसाला लोकसभेवर पाठवलं आणि १९६७ मध्ये पुन्हा निवडून दिलं. मंत्रिपद नाही, हाती निधी नाही. नियमांचा अभ्यास करून, कागद घेऊन ते सभागृहात उभे राहत.

आणीबाणीत लोकसभेची पाच वर्षांची मुदत संपली आणि सरकारनं ती वाढवून घेतली. लिमये तेव्हा मध्य प्रदेशात तुरुंगात होते. लोकांनी पाच वर्षांसाठीच निवडून दिलंय, असं म्हणून त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर राजीनामा दिला शरद यादवांनी. जबलपूरच्या पोटनिवडणुकीत निवडून आलेला हा तरुण तेव्हा तिशीचाही नव्हता. खासदारकी आयती वाढून मिळत होती हो! पुढे लिमयांनी खासदारकीचं आणि स्वातंत्र्यसैनिकाचं, दोन्ही पेन्शन नाकारलं.

आपल्या पुण्यालाही हे परकं नव्हतं. १९५७ मध्ये पुण्यानं काकासाहेब गाडगीळांसारख्या मातब्बर काँग्रेस नेत्याऐवजी विरोधातले समाजवादी नानासाहेब गोरे लोकसभेत पाठवले, १९६७ मध्ये तसेच एसेम जोशी. आता मात्र 'सत्तेत असल्याशिवाय वॉर्डात कामं होत नाहीत' हे आपणच पोरांना सांगतो. कामाचा पैसा आपल्या मिळकतकरातून येतो. विरोधी सदस्याला मत दिलेल्या घरांनीही तो कर भरलेला असतो. मग त्यांची कामं अडावीत का?

आपल्या दैनिकात नेत्यांच्या वाढदिवसांना अर्धं पान मिळतं. माझी कळकळीची विनंती आहे, त्यातला एक रकाना आठवड्यातून एकदा विरोधी बाकावरच्या तरुणांना द्या. महापालिकेत, विधानसभेत कुणी कोणता प्रश्न विचारला आणि उत्तर काय मिळालं, एवढंच छापा. आमच्या शेजारणीला ते कात्रण मी स्वतः नेऊन देईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सदाशिव पेठ, पुणे