पुरणपोळ्या परत का पाठवल्या?

संपादक महोदय,

'अन्नदानालाही विटाळ!' हा रविवारच्या पुरवणीतला लेख काल वाचला. ज्यूंना म्हणे परक्यांच्या अन्नाचा विटाळ होतो. न्यू जर्सीतल्या ज्या सिनॅगॉगने, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाने, नाताळच्या दिवशी आमच्या मराठी मंडळाच्या पुरणपोळ्या परत पाठवल्या, तिथल्या स्वयंपाकघरात मी कांदा चिरत होते. लेखक महाशय कुठे होते ठाऊक नाही. भांडी घासताना तरी दिसले नाहीत.

नाताळला ख्रिस्ती स्वयंसेवकांना घरी राहता यावं म्हणून बेघरांच्या निवाऱ्यातलं त्या दिवसाचं जेवण ज्यू मंडळी अंगावर घेतात. अमेरिकेत अनेक गावांत हे चालतं. त्या दिवशी चिकन शिजत होतं. कोशर, म्हणजे ज्यूंच्या आहारनियमांप्रमाणे केलेल्या, स्वयंपाकात मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही. शिवाय घरून करून आणलेलं अन्न तिथे आत घेतच नाहीत, त्यांच्या स्वतःच्या सभासदांचंही नाही. मंडळाला हे आधीच लेखी कळवलं होतं. तरी आमचे पदाधिकारी साजूक तुपातल्या पोळ्यांचे डबे आणि भलामोठा बॅनर घेऊन हजर! तिथल्या बाईंनी अगदी नम्रपणे नको म्हटलं, तर यांचा अपमान झाला. एकादशीच्या भांड्याला कांद्याचा चमचा लागला तर घर डोक्यावर घेणारी माणसं ही.

म्हणे 'परक्यांचा विटाळ'. पीक कापताना शेताचे कोपरे गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडा, ही आज्ञा त्यांच्या 'तोरा' या धर्मग्रंथातच आहे. आणि कोशर समजून घ्यायला अमेरिकेला कशाला यायला हवं? मी अलिबागची. शेजारच्या बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू, मावशी हलव्यात नारळाचं दूध घालायच्या, म्हणजे तो मटणाच्या जेवणावरही चालायचा. आम्ही त्याला विटाळ म्हटलं नाही, आणखी एक वडी मागितली.

लेखाचं एक वेळ सोडून देते, फोटोचं नाही. जेवणाऱ्यांचे फोटो काढू नयेत, असं निवाऱ्याच्या दारावरच लिहिलंय. तुम्ही छापलेल्या फोटोत ताट घेतलेल्या एका वृद्धाचा चेहरा स्वच्छ दिसतो आणि शेजारी आमचे पदाधिकारी दात दाखवून उभे. त्या गृहस्थांना कुणी विचारलं होतं? स्वतःचे वडील तसे रांगेत उभे असते तर छापला असता का? निदान ई-पेपरमधून तरी तो फोटो आजच्या आज काढावा, ही विनंती.

ते करणाराच मोकळा असेल तर शब्दकोड्याकडेही त्याला बघायला सांगा. गेले कित्येक रविवार आडव्या शब्दांच्या सूचना एका कोड्याच्या आणि चौकोन दुसऱ्याच कोड्याचे येताहेत.

— एक वाचक, न्यू जर्सी