रसवंतीतला बर्फ आणि दोघी जणी

आईची डावी पापणी संध्याकाळ झाली की खाली यायची. भाकरी चावता चावता जबडा थकायचा, बोलणं गेंगाणं व्हायचं. सकाळी मात्र सगळं ठीक, आणि डॉक्टरांची वेळ मिळायची ती सकाळचीच! त्यामुळे 'वय झालं', 'टेन्शन घेऊ नका', 'बी-१२ घ्या' एवढंच पदरात पडायचं.

मग पुण्यातल्याच एका रुग्णालयात तरुण रेसिडेंट डॉक्टरताई भेटल्या. फाइल बाजूला ठेवून त्यांनी आईलाच विचारलं, "आजी, त्रास कधी जास्त होतो?" माझ्या मोबाइलमधला संध्याकाळचा व्हिडिओ पुन्हा लावून पाहिला. मग आईला बराच वेळ छताकडे एकटक बघायला लावलं. पापणी उतरली. वॉर्डातल्या मावशी लगबगीने गेटबाहेरच्या रसवंतीतून बर्फ घेऊन आल्या (पैसे काही घेतले नाहीत). तो हातमोज्यात बांधून डॉक्टरताईंनी दोन मिनिटं पापणीवर धरला. काढला तर डोळा चांगला उघडलेला!

न्यूरोच्या ओपीडीत त्या स्वतः सोबत आल्या आणि आमच्या वतीने बोलल्या. पुढे अँटिबॉडीची रक्ततपासणी, छातीचा सीटी. निदान निघालं मायस्थेनिया ग्रेव्हिस. "आजी, नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही. हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत," असं त्यांनी सांगितल्यावर आई पहिल्यांदा रडली.

पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या चालू आहेत. रात्रीची भाकरी परत सुरू झालीय.

नावं लिहू नका, असं दोघींनी बजावलंय. मनापासून आभार. मावशी, पुढच्या तपासणीला आईच्या हातच्या तिळाच्या लाडवांचा डबा आणतेय. नाही म्हणायचं नाही.