मागच्या चाकाची हवा

अतार, मॉरिटानिया
18 जानेवारी

प्रिय पक्या,

तुझं ऐकलं नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं पत्र तू शिव्या न देता वाचशील. "ट्यूबवाली गाडी आहे, वाळू लागली तरी वीस पीएसआयच्या खाली हवा उतरवू नको," असं तू फोनवर तीनदा बजावलं होतंस. मी पंधरावर आणली. आणि पंधरावर माझी हिमालयन मोटारसायकल अशी काही चालली, की तासभर मला वाटलं, या पक्याला काही कळत नाही.

पण आधीचं सांगतो. स्टुटगार्टहून निघून स्पेन, मग अल्जेसिरासहून बोटीने मोरोक्कोतलं टँजर, आणि तिथून अटलांटिकच्या कडेकडेने खाली. मॉरिटानियाच्या सरहद्दीपर्यंत दोन हजारांहून जास्त किलोमीटर. डाख्लाच्या आसपास वारा इतका, की पेट्रोल भरताना गाडी धरून उभं राहावं लागतं. सुदैवाने पाठीमागून. हिमालयनने लिटरला 35 दिले! परतीचा हिशोब अजून केलेला नाही, करायची हिंमत नाही.

सरहद्दीवर गेरगेरातला दोन्ही बाजूंच्या चौक्यांमध्ये काही किलोमीटरचा पट्टा आहे. रस्ता सोडायचा नाही, कारण बाजूला जुने सुरुंग. लघवीलासुद्धा कडेला जायचं नाही म्हटल्यावर काय होतं ते तुला माहीत आहे. मॉरिटानियाच्या बाजूला पहिल्याच पोलिसाने हात पुढे केला, "फिश." नुआदिबू मासळीचं बंदर, मला वाटलं हा मासे विचारतोय. फिश म्हणजे कागद: नाव, पासपोर्ट, गाडीचा नंबर, धंदा, सगळं लिहिलेला. प्रत्येक नाक्यावर एक द्यायचा. साठ झेरॉक्स आणल्या होत्या, आता अकरा उरल्यात. हातात ठेवला की हसून सोडतात. नसला, तर तो वहीत उतरवून घेईपर्यंत तू उन्हात.

पैशाची गंमत ऐक. इथलं नाणं उगिया, आणि एका उगियाचे पाच खुम्स. शंभर नाही, पाच! 2018 साली सरकारने एक शून्य उडवलं, पण लोक बोलतात जुन्यातच. पंपावर आकडा ऐकून माझा घसा कोरडा पडला, मग कळलं दहाने भागायचं. आमचे आजोबा शेवटपर्यंत आण्यांत बोलायचे, तसंच. आणि पंप दिसला म्हणून खूश व्हायचं नाही, बऱ्याच ठिकाणी फक्त डिझेल असतं.

राजधानी नुआकशोत लवकर सोडलं. तिथून अतार साडेचारशेच्या आसपास, डांबरी, सरळ, कंटाळवाणं. अतारनंतर पठार लागतं आणि खरी गंमत सुरू होते. शिंगेट्टी हे जुनं गाव इथून 80 किलोमीटर. रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा. हळू गेलास तर दात वाजतात, जोरात गेलास तर गाडी वरवर तरंगते पण वळण घेत नाही. मी वैतागून एका पिकअपच्या चाकोरीत उतरलो. मऊ वाळू. हवा काढली, फुटरेस्टवर उभा राहिलो, वजन मागे, नजर लांब. गुहागरच्या किनाऱ्यावर तू शिकवलं होतंस, अगदी तसं. आणि चालली की रे! मग एका चढावर जोरात रेस दिली. टायर रिमवर फिरला, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली गेली आणि व्हॉल्व्ह मुळातून उपटला.

जवळ फक्त पुढच्या चाकाची 21 इंची ट्यूब. अर्धा तास नुसता शिव्या देत बसलो, स्वतःला. तेवढ्यात एक हायलक्स आली. आतून दोघे उतरले, निळे झगे, डोक्याला हौली, म्हणजे फेट्यासारखं लांब कापड, गुंडाळलेली. आधी कशी तब्येत, घरचे कसे, प्रवास कसा, सगळं विचारून झालं. मग चाकाकडे न बघता एकाने कोळसे पेटवले आणि चहा ठेवला. मी चाकाकडे बोट दाखवतोय, तो ग्लासातून ग्लासात उंचावरून चहा ओततोय, फेस येईपर्यंत. हिरवा चहा, पुदिना, साखर तर विचारूच नको. एक झाला. दुसरा. तिसरा झाल्याशिवाय उठायचं नसतं, हे मला दुसऱ्यानंतर उठताना कळलं. त्याने झग्याला धरून बसवलं.

मग मात्र दोघांनी वीस मिनिटांत काम केलं. 21 ची ट्यूब दुमडून 17 च्या चाकात बसवली. तू दिलेले टायर लिव्हर पाहून त्यातला मोठा जाम खूश. स्प्रिंगच्या पट्ट्याचे घरी बनवलेत हे त्याने लगेच ओळखलं. पैसे घेईनात. एक लिव्हर दिला. तेव्हा जोडीतला एक परत येणार नाही, आधीच सांगतो.

शिंगेट्टीला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. जुनं गाव दगडी, मातीचा गारा न वापरता रचलेलं, गल्ल्यांत गुडघाभर वाळू. एका घरी पिढीजात पोथ्या आहेत. म्हाताऱ्या मालकाने लाकडी किल्लीने लाकडी कुलूप उघडलं. किल्ली दिसायला थेट दात घासायच्या ब्रशसारखी. आत हरणाच्या कातड्यात बांधलेली पानं, वाळवीने खाल्लेल्या कडा. तो हातमोजे घालून पान उलटायचा आणि मी श्वास रोखून. बाहेर वाळू भिंतीला टेकलेली.

काकांना एक सांग, रेल्वेवाल्यांना आवडेल. काल त्याच ट्यूबवर शूमला जाऊन लोखंडाच्या खनिजाची गाडी पाहिली. झुएरात ते नुआदिबू सुमारे 700 किलोमीटर, दोनशेच्या आसपास वाघिणी. डबे मोजायला लागलो आणि मध्येच सोडलं. शूमजवळ एक जवळपास दोन किलोमीटरचा बोगदा आहे, कडक दगडात खोदलेला, आणि आता तो ओसाड. डोंगराला वळसा घालता आला असता, पण ती जमीन तेव्हा स्पेनची होती आणि हा रूळ फ्रेंचांचा. म्हणून सरहद्दीच्या आत राहून डोंगर फोडला. आता रूळ बाहेरून वळसा घालूनच जातात.

उद्या परत नुआकशोत. मागचं चाक आता 25 वर आहे. नवी ट्यूब अतारच्या बाजारात मिळाली नाही, दुमडलेलीच चालवतोय. ती किती टिकेल, हे तू लगेच कळव. खरं ते सांग, मला बरं वाटावं म्हणून नको.

तुझा,
मंद्या