टॅब काढून घेऊ नका

संपादक महोदय, 'टॅब दिला की मुलं बोलायची बंद होतात' हा रविवारचा लेख वाचला, पण ज्यांना बोलताच येत नाही अशा मुलांना हे कृपया लावू नका. माझा भाचा नऊ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूला इजा झाल्याने हालचाली आणि बोलण्यावर होणारा परिणाम) शब्द फुटत नाहीत, पण आयआयटी मुंबईने बनवलेलं जेलो हे फुकट अ‍ॅप मराठीतही आहे, त्यावर चित्र दाबलं की अ‍ॅप तो शब्द बोलतं, तसं दाबून परवा तो आजीला पहिल्यांदा 'नको' म्हणाला, भाताची पेज नको होती त्याला, आणि आजी वाडगा हातात तसाच धरून रडायलाच लागली. २००६ च्या एका संशोधन आढाव्यात तर खुणा, चित्रं अशा पर्यायी संवादामुळे, काटेकोर तपासलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालेलं दिसलं नाही, उलट बहुतेकांचं वाढलंच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही संवाद म्हणजे काय त्यात ही साधनं धरलीयत, मग शाळेत त्याला टॅब दप्तरात ठेवायला का लावतात?

- एक मावशी, गुहागर