कमी खाऊनही वजन का घटत नाही?

महोदय,
'दोनच पोळ्या खाते, तरी वजन हटत नाही,' असे माझ्या थोरल्या जाऊबाई सांगतात तेव्हा त्या खोटे बोलत नसतात. मात्र फोडणीतले तेल, चार वेळचा साखरेचा चहा आणि नातवंडांच्या ताटात उरलेले, टाकवत नाही म्हणून संपवलेले घास यांचा हिशेब कुणीच ठेवत नाही. एका ग्रॅम तेलातच ९ कॅलरी असतात. अमेरिकेत १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 'कमी खाऊनही वजन घटत नाही' असे सांगणाऱ्या व्यक्तींनी आपला आहार प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितला होता. थायरॉइडचा विकार किंवा काही औषधे यांमुळेही वजन वाढते, म्हणून डॉक्टरांनी 'तोंडावर ताबा ठेवा' एवढेच न सुनावता रक्ततपासणी करावी आणि आठवडाभराच्या खाण्याची नोंद शांतपणे वाचावी, ही कळकळीची विनंती.
– एक वाचक, सातारा